घरचा सोडा का फसफसत नाही?

दिवाळीत फराळाची ताटे फिरली, की पाठोपाठ लिंबू-सोड्याची फर्माईश येतेच. हल्ली पुष्कळ घरांतून सोडा करण्याचे छोटे यंत्र आले आहे. परंतु कुणाचा सोडा मिळमिळीत होतो, तर कुणाचा ओट्यावरच उतू जातो. दोष बहुधा यंत्राचा नसतो.

सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू मुरवलेले पाणी. इंग्लंडात लीड्स येथे बिअरच्या कारखान्याशेजारी राहिलेल्या जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. पाणी जितके गार, तितका वायू अधिक मुरतो. हवेच्या नेहमीच्या दाबाइतक्याच दाबाखाली शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू मावतो. २० अंशांच्या पाण्यात जेमतेम ०.९ लिटर! म्हणून पाण्याची बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. माठाच्या पाण्यावर भागत नाही.

बाटली खुणेपर्यंतच भरावी आणि बटण थांबून थांबून दाबावे. यंत्रात नुसते पाणीच घालावे. सरबत घातले, की फेस वर चढतो आणि तोटी चिकट होऊन तुंबते.

आता ओतण्याविषयी. पेल्यात लिंबाचा रस, साखर आणि मीठ आधी पूर्ण विरघळवावे, मग पेला तिरका धरून कडेने सोडा सोडावा. विरघळायचा राहिलेला मिठाचा कण किंवा फडक्याचा धागा यांत अडकलेल्या हवेभोवती बुडबुडे धरतात आणि सारी गंमत फेसातच उडून जाते. पेले साबणाचा अंश न ठेवता खळखळून धुवावेत.

आणखी एक सांगणे, ते मात्र चवीपुरते नाही. यंत्राला त्याचीच, मुदतीतली बाटली लावावी. साधी काचेची बाटली दाबाने फुटते. नळकांडे उन्हात वा शेगडीजवळ ठेवू नये आणि यंत्र आडवे करून चालवू नये. फुस्स असा आवाज थांबेना, तर वायू गळतो आहे असे समजावे. गळतीची वर्दी देईल असा वास या वायूला नाही आणि तो हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तेव्हा रांगते मूल प्रथम उचलून बाहेर न्यावे, दारेखिडक्या सताड उघडाव्यात. यंत्राकडे मागाहून पाहता येते.