वाचकांचा रोष नेमका कशावर?

थॉमस हॅरिस यांच्या १९८८ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मधील नरभक्षक डॉ. हॅनिबल लेक्टरला वाचकांनी डोक्यावर घेतले. १९९९ मध्ये ‘हॅनिबल’ आली आणि त्यांतलेच अनेक वाचक संतापले. हत्यांची किळसवाणी वर्णने त्यांनी पचवली होती. परंतु तपास अधिकारी क्लॅरिस स्टार्लिंग अखेरीस त्याच खुन्याची सहचरी होते, हे पचेना. २००१ च्या चित्रपटाने तर शेवटच बदलला. असल्या कादंबऱ्यांच्या वाचकांना सरसकट विकृत ठरविणाऱ्यांनी (त्यांत एकेकाळी आम्हीही होतो) हा रोष ध्यानात घ्यावा. रक्तपाताला न कचरणारा हा वाचक क्लॅरिसच्या सचोटीवर विसंबून होता. शेवट निवडण्याचा अधिकार लेखकाचा, हे मान्य. पण औषधे आणि संमोहन यांच्या आधारे तिचे मन वळवून साधलेला तो शेवट आम्हालाही लबाडीचाच वाटतो.