वजन उतरवलेली मोटार
मोटार वेगवान करायची म्हटले की आधी इंजिनाचा विचार होतो. कॉलिन चॅपमन यांनी स्थापन केलेल्या ब्रिटिश ‘लोटस’ने मात्र वजनालाच हात घातला. १९९६ साली विक्रीस आलेल्या ‘एलिस’ची अ‍ॅल्युमिनियमची चौकट वेल्डिंगने नव्हे, तर मुख्यतः इपॉक्सीने चिकटवून जोडलेली होती, तिचे वजन जेमतेम ६८ किलो. अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास, त्यामुळे रोव्हरचे १.८ लिटरचे साधे इंजिनही पुरून उरे. हलकेपणाचा खरा फायदा ब्रेक मारताना आणि वळणावर कळतो. टायरवरचा ताणही घटतो. चाके हलकी केल्यास लाभ दुहेरी, कारण ती पुढे न्यावी लागतात आणि फिरवावीही लागतात. ‘एलिस’च्या रुंद, उंच उंबऱ्यावरून आत शिरताना मात्र अंग चोरावे लागे.