हिरड्याला पिकू द्या

विद्यार्थी मित्रांनो, घरात बाळगुटीची पुरचुंडी असेल तर आजीकडून ती जरा मागून घ्या. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्या जोडीला तिच्यात एक काळे, सुरकुतलेले आणि कठीण फळ सापडेल. तो हिरडा. (पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असे आता डॉक्टर सांगतात, हेही लक्षात ठेवा.) त्रिफळा चूर्णात बेहडा आणि आवळा यांच्याबरोबर असतो तोही हाच. हे फळ सर्वांच्या ओळखीचे आहे. पण त्याचे झाड फार थोड्यांनी पाहिलेले असते. त्या झाडाबद्दलच मला आज काही सांगायचे आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा म्हटला की पाथर्डी, जामखेडकडचे कोरडे माळ डोळ्यांपुढे येतात. पण याच जिल्ह्याचे पश्चिम टोक म्हणजे अकोले तालुका. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) येथेच आहे. घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगड या भागात पाऊस अक्षरशः कोसळतो. येथील जंगलाला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. या रानात जांभूळ आणि अंजनी ही सदाहरित झाडे आहेत आणि त्यांच्या शेजारी हिरडा उभा असतो. हिरडा मात्र पूर्ण सदाहरित नाही. हिवाळ्याच्या अखेरीस तो थोडा काळ पाने गाळतो आणि लगेच रेशमासारखी लव असलेली कोवळी पालवी धारण करतो.

हिरड्याचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया चेब्युला आणि कुल कॉम्ब्रेटेसी. अर्जुन, ऐन, बेहडा हे त्याचे जवळचे भाऊबंद. पान हाती आले तर देठाचा वरचा भाग निरखून पाहा. तेथे बारीक ग्रंथींची जोडी दिसेल. फुले लहान, पिवळसर पांढरी असून कणसासारख्या तुऱ्यात येतात. त्यांना पाकळ्या नसतात. वाळलेल्या फळावर पाच धारा स्पष्ट दिसतात. व्यापारात याला कवचफळ म्हणण्याची रीत असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आंब्यासारखेच हे आठळीचे फळ आहे : बाहेर गर, आत कठीण आठळी आणि आठळीत बी.

हिरडा चावला की तोंड आवळून येते. याचे कारण टॅनिन. वाळलेल्या फळात ते वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके असू शकते. टॅनिन प्रथिनांना घट्ट पकडते. लाळेतील प्रथिने पकडली की जीभ खरखरीत लागते. कातड्यातील प्रथिने पकडली की कातडे कुजत नाही, त्याचे चामडे बनते. म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून हिरडा युरोपातील चर्मोद्योगाकडे जात असे. पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत आली आणि ही मागणी घटली. कलमकारीचे कापड रंगविण्यापूर्वी मात्र आजही हिरड्याच्या पाण्यात भिजवतात.

एक प्रयोग करून पाहा. हिरड्याची पूड कोमट पाण्यात तासभर ठेवा, पाणी गाळून घ्या आणि त्यात गंजका खिळा टाका. थोड्या वेळाने पाणी काळेनिळे होईल. लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन झालेली ही शाईच होय.

आता दुसरा प्रयोग, आणि माझ्या म्हणण्याचा मुद्दा यातच आहे. दुकानातून बाळहिरडा आणि मोठा हिरडा असे दोन्ही आणा आणि वडीलधाऱ्यांच्या मदतीने फोडा. मोठ्या हिरड्यात टणक आठळी मिळेल. बाळहिरडा मात्र आरपार एकसारखा भरीव दिसेल. त्यात आठळी नाही. कारण आठळी धरण्यापूर्वीच ते फळ झाडावरून उतरविलेले असते.

अकोल्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे पावसाळ्यापूर्वी हा बाळहिरडा गोळा करून वाळवतात. पक्व हिरड्यापेक्षा त्याला पुष्कळ जास्त भाव मिळतो. बी-बियाणे, मुलांची वह्यापुस्तके, पावसाळ्याचा किराणा यांसाठी हाच पैसा कामी येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा शेजारच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बाळहिरडा झडून गेला आणि अनेक घरांचे वर्षाचे गणित कोलमडले. तेव्हा हिरडा तोडू नका, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही.

तरीही विज्ञानाचा नियम कोणासाठी थांबत नाही. ज्या झाडाचे प्रत्येक फळ कोवळेपणीच उतरविले जाते, त्याच्या बीपासून नवे रोप उगवणार कसे? त्यातून पक्व बीचे कवच इतके कठीण की ते रुजण्यास फार वेळ लागतो. उगवलेले रोप गुराढोरांच्या पायांतून आणि वणव्यातून वाचले तरच वाढते. जुनी झाडे आज उभी आहेत म्हणून उणीव जाणवत नाही. ती वठू लागतील तेव्हा त्यांच्या जागी कोण असेल?

माझ्या मते उपाय अवघड नाही. प्रत्येक वाडीने आपसांत ठरवून चार-दोन जोमदार झाडे बियांसाठी राखावीत आणि त्यांची फळे पिकू द्यावीत. यात बुडणाऱ्या उत्पन्नाचा भार त्या कुटुंबांवर पडता कामा नये. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत सुरू केली, तेव्हा त्या यादीत हिरडाही होता. मग बियाण्यासाठी पिकवलेल्या हिरड्याला बाळहिरड्याच्या तोडीचा भाव का देऊ नये? रोपवाटिकांनी ते बी रास्त दराने घ्यावे.

आणि तुम्ही? दरवर्षी शाळेत वृक्षारोपण होते. लवकर वाढते म्हणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून आपण मोकळे होतो. सह्याद्रीच्या कुशीतील शाळांनी तरी या हिवाळ्यात झाडाखाली पडलेले पिकलेले हिरडे वेचावेत, गर काढून आठळ्या भिजवाव्यात आणि पिशव्यांत लावाव्यात. किती रुजल्या, किती दिवसांनी रुजल्या, याची वहीत नोंद ठेवावी. दहांतील दोनच उगवल्या तरी निराश होऊ नये. त्या दोन झाडांचा हिरडा तुमच्या नातवंडांना वेचता येईल.