गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच! तुमच्या घरासाठी कोणता गिझर योग्य? जाणून घ्या

थंडीची चाहूल लागली की गिझरची खरेदी सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा असतो. खरे तर तो 'बाथरूमला हवा किती?' असा असायला हवा.

गॅस गिझर: पाणी झटपट तापते, खर्चही कमी. पण बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. अंघोळ करणाऱ्याला कडी काढण्याइतकाही वेळ मिळेलच असे नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवता येत नसेल, तर घेऊच नये.

इन्स्टंट गिझर: 3 किलोवॉटचा गिझर पाणी 25 अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम 1.7 लिटर देतो. म्हणजे 15 लिटरची बादली भरायला सुमारे 9 मिनिटे! सिंकसाठी तो ठीक.

स्टोरेज गिझर: 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात 20 अंशांचे तेवढेच पाणी मिसळले, की 40 अंशांचे 30 लिटर मिळते. बादलीने अंघोळ करणाऱ्या बहुतेक घरांना एवढी टाकी पुरते. बोअरचे पाणी असेल तर कॉइलवर क्षार साचतात. वेळोवेळी सफाई हवीच.

सोलर: स्वतःचे छत असेल तर उत्तम, ढगाळ दिवसांसाठी पर्यायी सोय ठेवावी.

विजेच्या बिलात थोडी भर पडली तरी चालेल. बंद बाथरूममधली बचत मात्र जिवावर बेतू शकते.