दोन ग्रंथनामांचा संकर

चेन्नईहून कांचीपुरमकडे जाताना इरुंगाट्टुकोट्टै लागते. मोटारींच्या कारखान्यांमुळे आज ओळखले जाणारे हे गाव ज्या प्राचीन तोंडैमंडलात मोडते, त्याच प्रदेशातील मामंडूरच्या पल्लवकालीन शिलालेखात ‘मत्तविलास’ आणि ‘भगवदज्जुकम्’ या दोन संस्कृत प्रहसनांचा निर्देश आढळतो. दुसऱ्याच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले, तरी त्याचे शीर्षक अर्थपूर्ण आहे. ‘भगवत्’ म्हणजे संन्यासी आणि ‘अज्जुका’ म्हणजे गणिका. एकत्र न नांदणारी दोन पदे एका समासात बसविली आणि त्या समासातूनच कथानक जन्मले. यमदूताच्या चुकीने गणिका मरते, संन्यासी योगबळाने तिच्या देहात शिरतो आणि परतलेला दूत तिचा जीव संन्याशाच्या देहात घालतो.

दोन प्रसिद्ध ग्रंथांची नावे जोडून कपोलकल्पित कथानक रचण्याचा जो विनोदी खेळ साहित्यप्रेमी मंडळींत चालतो, त्याचे तत्त्व हेच आहे : देह एकाचा, जीव दुसऱ्याचा. तो पोरखेळ समजून अभ्यासकांनी दुर्लक्षिणे योग्य नव्हे.

मराठीत या वृत्तीची परंपरा जुनी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्य-बत्तिशी’ या नावात पुराणातील पोहे, सिंहासन-बत्तिशी आणि हसताना दिसणारी बत्तिशी एकत्र आली. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले होते. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ होऊन ‘झेंडूची फुले’ लिहिली. दोन्ही नावांचा अर्थ एकच. विडंबनाचा आरंभ टोपणनावापासूनच झाला असे म्हणता येईल. पुढे १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलिअन’ला बालकवींच्या फुलराणीचे नाव दिले आणि कवितेतील कोवळी कळी रस्त्यावर फुले विकू लागली.

यावर आक्षेप असा की, केवळ शीर्षके ठाऊक असली तरी असा विनोद करता येतो. आक्षेप अर्धा खरा आहे. ‘ययातीची बनगरवाडी’ असा संकर कल्पावा. केवळ नावे जाणणारा त्यात राजाला मेंढरांमागे धाववील आणि थांबेल. दोन्ही कादंबऱ्या वाचलेला मात्र राजाला शाळामास्तर करील. तो वस्तीवरील पोरांकडे तारुण्य उसने मागेल, आणि दुष्काळाने घेरलेली वस्ती उत्तर देईल की, येथे उसने द्यावयास काहीच उरलेले नाही. येथे विनोद टीका बनतो. भोगाची चिंता ज्याच्या ताटात अन्न आहे त्यालाच परवडते, हे खांडेकरांच्या कादंबरीवरील भाष्य माडगूळकरांच्या माळरानावरूनच करता येते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासाचा खरा प्रश्न पुढेच आहे. गंभीर कृतींचे अनुवाद होतात; विडंबन मात्र अनुवादास अयोग्य ठरवून वगळले जाते. परिणामी परभाषक वाचकास प्रत्येक भाषेचे साहित्य अखंड गंभीर भासते, आणि त्या भाषेने आपल्याच थोरांना कोठे हसून जोखले हे त्याला कळत नाही. मूळ कृती आणि तिचे विडंबन ही जोडीनेच अनुवादित व्हावीत. ‘भगवदज्जुकम्’चा प्रेक्षक हसतो, कारण संन्यासी आणि गणिका दोघेही त्याच्या परिचयाचे असतात. एकाचीच ओळख असती, तर जिवांची अदलाबदल त्याच्या ध्यानातही आली नसती.