भरल्या घरांतील वृद्धांचें खाणेंपिणें

भरल्या घरांत वडील माणूस अर्धपोटीं राहतें असें आम्ही लिहिलें, तर कांहीं वाचकांस राग येईल. परंतु जेथें वाढणारे हात पुष्कळ, तेथेंच 'दुसऱ्या कोणीं तरी पाहिलें असेल' हा समज बळावतो. आणि आजी तर सर्वांच्या मागून जेवावयाची!

प्रथम पाण्याचें पाहूं. उतारवयांत तहानेची जाणीवच मंदावते व मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ति उणावते. त्यांत रात्रीं उठावें लागेल या धास्तीनें कित्येक वृद्ध संध्याकाळनंतर घोटभरही पाणी घेत नाहींत. तेव्हां 'तहान लागली कीं मागतील' असें म्हणून भागत नाहीं. कातडीची चिमूट घेऊन पाहण्याची रीतही येथें भरंवशाची नव्हे. म्हाताऱ्या माणसाची कातडी मुळांतच सैल असते. उठतांना घेरी येणें, एकाएकीं असंबद्ध बोलणें, यांस 'वय झालें' म्हणून सोडून न देतां डॉक्टरांस दाखवावें.

यूरोपांतील पोषणतज्ज्ञांच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनांत वृद्ध स्त्रियांस रोज निदान १.६ व पुरुषांस २ लिटर पेयें सांगितलीं आहेत. चहा, दूध, ताक, सार हीं सर्व त्यांत धरावीं. आपल्या उन्हाळ्यांत याहून अधिकच लागेल. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टर सांगतील तेंच प्रमाण पाळावें.

अन्नाची गोष्ट अशीच. दात गेले कीं पोळी व उसळ सुटते, आणि चहा-बिस्किटें व मऊ भात एवढेंच उरतें. पोट भरतें, परंतु प्रथिनें मिळत नाहींत. त्याच मार्गदर्शनाप्रमाणें वजनाच्या दर किलोमागें निदान १ ग्रॅम प्रथिन हवें. मुगाचें दाट वरण, दहीं, दूध, वाटलेली उसळ यांनीं तें साधतें. चातुर्मासांतील एकभुक्त व्रतें औषधें चालू असतां डॉक्टरांस विचारूनच करावीं.

आमची सूचना एवढीच कीं, हें काम घरांतील एकाच माणसाच्या नांवें लावावें; बारभाईंची खेती नको. तांब्यांत किती पाणी मावतें तें एकदां मापून ठेवावें, आणि तो किती वेळां रिता झाला हें नातवानें पाहावें. 'पाणी हवें का?' असें न विचारतां भांडें हातांत द्यावें. जेवतांना कोणीं तरी जवळ बसावें. महिन्यास एकदां वजन करावें. ५० किलोच्या माणसाचें सहा महिन्यांत अडीच किलो आपोआप घटलें, बांगड्या कोपराकडे सरूं लागल्या किंवा कवळी सैल झाली, तर वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.