पडद्यावरील स्थळें आणि आपली स्मृति

कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत सहलीचा विषय निघाला असतां बहुतेक मुलांनीं एकमुखानें वसगड्याच्या वाड्याचें नांव घेतलें. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सन २०१६ पासून २०२१ च्या आरंभापर्यंत झी मराठी वाहिनीवर चालली. तिचें चित्रण करवीर तालुक्यांतील वसगडे गांवच्या वाड्यांत होत असे, आणि तो पाहावयास दूरदूरचे लोक येत. मीं सहज विचारिलें, “‘अयोध्येचा राजा’ कोठें तयार झाला?” कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. तो १९३२ सालीं ह्याच कोल्हापुरांत तयार झाला होता!

मुलांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. जें पडद्यावर पाहिलें तें प्रत्यक्ष पाहावें, ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविकच आहे. इंग्लंडांत १९७० च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचे चित्रपट काढण्याची लाट आली. ‘ऑन द बसेस’ हा १९७१ सालचा चित्रपट त्या देशांत अतिशय चालला. त्याच वर्षीं ‘डॅड्स आर्मी’चाही चित्रपट निघाला. त्यांतील समुद्रकांठचें नगर काल्पनिक. मालिकेसाठीं बाहेरचें चित्रण थेटफर्ड गांवीं व त्याच्या आसपास होई, तर चित्रपटासाठीं चालफॉन्ट सेंट जाइल्स ह्या खेड्यानें त्या नगराचें सोंग घेतलें. मालिका १९७७ सालीं संपली; तथापि थेटफर्डकरांनीं तिचें संग्रहालय उभारिलें व तींतील कॅप्टनचा पुतळा बसविला. म्हणून प्रेक्षक आजही तेथें जातात.

आपल्याकडेही हें अपरिचित नाहीं. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव पुस्तकांतून निघाले ते कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘लग्न पहावे करून’ ह्या १९४० च्या चित्रपटांत आले. पुढें दूरदर्शनवर गेले, आणि १९७९ सालीं पुनः पडद्यावर आले. गुणी पात्र असें पिढ्यान्‌पिढ्या जगतें. स्थळ मात्र कोणी जपल्यावांचून जगत नाहीं.

बाबूराव पेंटर यांनीं येथें ‘सैरंध्री’ १९२० सालीं काढिला. १९२९ सालीं ‘प्रभात’ कंपनी येथेंच जन्मली व १९३३ सालीं पुण्यास गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलींत जळला, तरी त्यांनीं तो पुनः उभा केला. एवढा वारसा ज्या शहराच्या पदरीं आहे, तेथील मुलांस तो परक्यांनीं सांगावा काय?

कोणी म्हणेल, गर्दी झाली म्हणजे गांवास चार पैसे मिळतात. त्यांत वाईट तें काय? वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्या वास्तूंत चित्रण होतें ती बहुधा कोणाचें तरी राहतें घर असतें. मालिका संपते, गर्दी ओसरते; पण तुडविलेलें अंगण घरमालकासच सारवावें लागतें. शिवाय केवळ कौतुकावर आलेली गर्दी नव्या मालिकेबरोबर नव्या गांवीं निघून जाते. थेटफर्डनें कौतुकास स्मृतीची जोड दिली. आपण ती अद्याप पुरेशी दिलेली नाहीं.

तेव्हां माझी सूचना साधी आहे. सहल अवश्य काढावी. मात्र घरधन्याची परवानगी घेऊनच उंबरठा ओलांडावा. त्याच दिवशीं मुलांना शहरांतील जुन्या स्टुडिओंच्या जागाही दाखवाव्या. प्रत्येक जागीं सन व कृति सांगणारा फलक असावा, अशी मागणी नागरिकांनीं करावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या गल्लींत ज्या वृद्धांनीं स्टुडिओंत सुतारकाम केलें, कपडे शिवले किंवा गर्दींतला मावळा म्हणून भाला धरिला, त्यांच्या आठवणी आजच वहींत उतरवून घ्या. वाडा उद्यांही उभा असेल. पण तीं माणसें उद्यां भेटतीलच असें नाहीं.